मार्सेयच्या रेशीम-व्यापाऱ्याची लेक, स्वीडनची राणी: देझिरे क्लारीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेपोलियनच्या गोष्टी निघाल्या की कुणीतरी हमखास विचारतं, "जोझेफीनच्या आधी त्याचं एका मुलीशी लग्न ठरलं होतं ना? तिचं पुढे काय झालं?" उत्तर एका ओळीचं आहे: ती स्वीडन आणि नॉर्वेची राणी झाली. पण त्यावर कुणी गप्प बसत नाही, लगेच पुढचे दहा प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. क्रम साधारण तिच्या आयुष्याचाच ठेवला आहे. मधे कुठे पाल्हाळ झालं तर सांभाळून घ्या, बाईच तशी आहे.

तिचं खरं नाव कोणतं? देझिरे, युजेनी की देसिदेरिया?

तिन्ही तिचीच. जन्मनाव बर्नार्दीन युजेनी देझिरे क्लारी. घरचे देझिरे म्हणत. नेपोलियन तिला युजेनी म्हणे. माणसांची नावं आपल्या मर्जीनं बदलायची त्याला खोडच होती. जोझेफीनला आधी सगळे रोझ म्हणत, 'जोझेफीन' हे त्यानं ठेवलेलं. स्वीडनच्या गादीवर आल्यावर ती देसिदेरिया झाली. आपल्याकडे तांदळात नवरीचं नवं नाव लिहितात, तसंच झालं म्हणायचं. फक्त इथे नाव बदलणारे दोघे होते आणि त्यातल्या एकाशी लग्नच झालं नाही.

देझिरे म्हणजे 'हवीहवीशी'. साताऱ्याकडच्या 'नकुशीं'च्या बातम्या वाचलेल्या माणसाला हे नाव जरा जास्तच जाणवतं.

'व्यापाऱ्याची मुलगी' म्हणजे साध्या, गरीब घरातली का?

अजिबात नाही. वडील फ्रान्स्वा क्लारी मार्सेयमधले बडे रेशीम-व्यापारी. मार्सेय म्हणजे फ्रान्सचं भूमध्य समुद्रावरचं मोठं बंदर. तिथला श्रीमंत व्यापारी म्हणजे आपल्याकडचा जुन्या मुंबईतला शेठ समजा. पैसा भरपूर, घर माणसांनी भरलेलं. फक्त नावापुढे उमरावपण नाही. तेही मिळावं म्हणून वडिलांनी अर्ज केला होता, तो फेटाळला गेला. पुढे क्रांती आल्यावर हाच अर्ज घराच्या मुळावर आला, ते खाली येईलच.

देझिरेचा जन्म ८ नोव्हेंबर १७७७ चा. मुलींच्या रीतीप्रमाणे तिला जोगिणींच्या मठात शिकायला ठेवलं होतं. १७८९ मध्ये क्रांती झाली, मठ बंद पडले आणि शिक्षण तिथेच थांबलं. पुढचं जे काही शिकली ते घरीच. राणी म्हणून तिच्यावर जी टीका झाली, त्यातली निम्मी तरी या अर्धवट सुटलेल्या शाळेच्या खात्यावर टाकावी लागते.

नेपोलियनच्या घराशी गाठ कशी पडली?

यात एक सुंदर किस्सा आहे. तो तिनंच म्हातारपणी सांगितलेला, त्यामुळे थोडा रंग चढलेला असणार हे गृहीत धरूनच ऐकायचा.

१७९४ साल. दहशतीचा काळ, गिलोटीन जोरात चालू. वडील जानेवारीतच वारले होते आणि थोरला भाऊ एतिएन घरचा कर्ता झाला होता. वडिलांचा तो जुना अर्ज सापडला. उमराव व्हायला निघालेलं घर, म्हणजे क्रांतीचं वैरी! एतिएनला धरून नेलं. त्याची बायको सुटकेची विनवणी करायला अधिकाऱ्याकडे निघाली, तेव्हा सोबत सोळा वर्षांच्या नणंदेला घेतलं. बाहेर ताटकळत बसवलं. वाट बघता बघता नणंदबाई तिथेच झोपी गेल्या. जाग आली तेव्हा वहिनी निघून गेलेली, दालन रिकामं, आणि समोर एक अनोळखी तरुण उभा. त्यानं तिला घरापर्यंत पोचवलं. तो जोझेफ बोनापार्ट, नेपोलियनचा थोरला भाऊ.

एतिएन सुटला. जोझेफचं क्लारींकडे येणंजाणं सुरू झालं. कॉर्सिका बेटावरून परागंदा होऊन आलेलं बोनापार्ट कुटुंब तेव्हा पैशाला महाग होतं, आणि क्लारींकडे पैसा होता पण वरचा वशिला नव्हता. दोघांचीही गरज भागली. १ ऑगस्ट १७९४ ला जोझेफचं देझिरेच्या मोठ्या बहिणीशी, ज्युलीशी, लग्न झालं. या ज्युलीला विसरू नका. नवरा, मुलगा, गादी हे सगळं देझिरेच्या आयुष्यात आलं ते आलं, पण तिचा जीव अडकलेला होता तो या बहिणीत.

आणि नेपोलियन?

तो जोझेफच्या मागोमाग आला. २१ एप्रिल १७९५ ला साखरपुडा झाला. तो पंचवीस वर्षांचा, ती सतरा. मे महिन्यात तो पॅरिसला गेला. पत्रं येत राहिली, मग विरळ झाली. ऑक्टोबरात त्यानं पॅरिसच्या रस्त्यांवर तोफा चालवून बंड मोडलं आणि एका रात्रीत मोठा माणूस झाला. त्याच सुमारास त्याला जोझेफीन भेटली: विधवा, दोन मुलांची आई, त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी आणि पॅरिसच्या बैठकांत मुरलेली. ९ मार्च १७९६ ला त्यांचं लग्न झालं.

देझिरेनं त्याला लिहिलेल्या पत्रांचे कच्चे खर्डे राहिले आहेत. खोडाखोड, रुसवा, तुझ्याशिवाय कुणाशी लग्न करणार नाही असल्या शपथा. अठरा वर्षांच्या मुलीनं लिहावं तसंच सगळं आहे. तो मात्र १७९५ मध्येच, मन दोन्हीकडे हेलकावत असताना, एक छोटी प्रेमकथा लिहून बसला होता. नायक शूर सैनिक, आणि नायिकेचं नाव? युजेनी. त्या कथेत प्रेमात दगा देते ती युजेनी आणि रणांगणावर मरण पत्करतो तो नायक. माणसं स्वतःच्या वागण्याची सोय कशी लावून घेतात, याचा इतका उघड नमुना मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

"आमच्या घरात एक बोनापार्ट पुरे झाला" असं तिच्या वडिलांनी नेपोलियनला सुनावलं, हे खरं का?

वडील जानेवारी १७९४ मध्ये वारले. बोनापार्टांशी सोयरिक त्यानंतरची. तेव्हा त्यांनी तरी नाही सुनावलं.

मग पुढे स्वीडनचा राजा झालेल्या बर्नाडोटशी लगेच लग्न झालं का?

नाही. मधे एक शोकांतिका आहे, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

१७९७ मध्ये जोझेफ पोपच्या दरबारी राजदूत म्हणून रोमला गेला. ज्युली गेली, तिच्याबरोबर देझिरेही. तिथे द्युफो नावाच्या तरुण सेनापतीशी तिचं लग्न ठरलं. डिसेंबरच्या अखेरीचा मुहूर्त. २८ डिसेंबरला फ्रेंच वकिलातीच्या वाड्यासमोर दंगल उसळली. द्युफो बाहेर गेला आणि गोळी लागून मेला. लग्नाला उणेपुरे दोन दिवस उरले होते.

वीस वर्षांची मुलगी, एक साखरपुडा मोडलेला, दुसरा नवरा बोहल्यावर चढायच्या आधी गेलेला. आपल्याकडे तिला लोकांनी काय काय नावं ठेवली असती ते सांगायला नको. सात-आठ महिन्यांनी, १७ ऑगस्ट १७९८ ला, पॅरिसजवळच्या सो गावात तिनं सेनापती जाँ-बाप्तिस्त बर्नाडोटशी नोंदणी लग्न केलं. तो पस्तिशीचा, पो गावच्या वकिलाचा मुलगा, साध्या शिपायापासून वर चढलेला. पुढच्या वर्षी ४ जुलैला मुलगा झाला. नाव सुचवलं नेपोलियननं, त्याच्या आवडत्या ओसियनच्या काव्यातलं: ऑस्कर. स्वीडन-नॉर्वेत आज इतके ऑस्कर दिसतात, त्या लोकप्रियतेचं मूळ बऱ्याच अंशी या बारशात आहे.

नेपोलियनवर सूड म्हणून तिनं त्याच्या प्रतिस्पर्ध्याशी लग्न केलं म्हणतात...

सिनेमाला शोभतं. बर्नाडोट आणि नेपोलियन यांचं पटत नव्हतं हे खरं, पण हे लग्न झालं बोनापार्टांच्याच गोतावळ्यात, जोझेफ आणि ज्युलीच्या डोळ्यांदेखत. दोन ठरलेली लग्नं हातची गेलेल्या मुलीला भक्कम माणूस मिळाला, बहीण जवळ राहणार होती, आणि तिला तेवढं पुरेसं होतं.

नेपोलियनही तिला विसरला नाही. १८०४ मध्ये बर्नाडोट मार्शल झाला, पॅरिसच्या आंजू रस्त्यावरचा वाडा मिळाला, १८०६ मध्ये इटलीतल्या पोंतेकोर्वो या चिमुकल्या संस्थानाचा 'प्रिन्स' हा किताबही आला. पण २ डिसेंबर १८०४ चा नेपोलियनचा राज्याभिषेक आठवा. सम्राज्ञी जोझेफीनच्या झग्याचा भलामोठा घोळ उचलायला नवऱ्याकडच्या बायका, त्यांत ज्युलीही. आणि जोझेफीनच्या मागून, उशीवर तिचा रुमाल ठेवून चालत होती देझिरे. तिच्या मनात काय चाललं होतं ते तिनं कुठे लिहून ठेवलेलं नाही. ठेवलं असतं तर बऱ्याच लेखकांची रोजीरोटी गेली असती.

फ्रेंच सैन्यातला मार्शल स्वीडनचा राजा कसा काय झाला?

थोडक्यात सांगतो, कारण हा विषय बर्नाडोटचा आहे. १८०९ मध्ये स्वीडननं रशियाशी लढताना फिनलंड गमावलं आणि राजाला पदच्युत केलं. नवा राजा कार्ल तेरावा म्हातारा आणि निपुत्रिक. वारस म्हणून आणलेला राजपुत्र मे १८१० मध्ये अचानक मेला. फिनलंड परत मिळवून देईल असा एखादा खमक्या सेनानी हवा, असं सैन्यातल्या बऱ्याच जणांना वाटू लागलं. म्योर्नर नावाचा एकोणतीस वर्षांचा लेफ्टनंट सरकारचा निरोप घेऊन पॅरिसला गेला आणि तिथे त्यानं स्वतःच्या जबाबदारीवर बर्नाडोटला विचारलं, "आमची गादी घेता का?" घरी परतल्यावर या आगाऊपणाबद्दल त्याला अटक झाली. पण कल्पना लोकांना पटली होती. १८०६ मध्ये ल्यूबेकला पकडलेल्या स्वीडिश सैनिकांना बर्नाडोटनं चांगलं वागवलं होतं, तेही कामी आलं. २१ ऑगस्ट १८१० ला एरेब्रू इथे भरलेल्या सभेनं त्याला युवराज निवडलं आणि तो कार्ल योहान झाला.

फिनलंड त्यानं परत आणलं नाही. त्याऐवजी डेन्मार्ककडून नॉर्वे मिळवलं.

देझिरेला राणी व्हायचं होतं का?

माझ्या मते संपूर्ण गोष्टीची किल्ली या प्रश्नात आहे. उत्तर: नाही. पण ती नाही म्हणाली असंही नाही, कारण आधी तिला काय चाललंय ते कळलंच नव्हतं. स्वीडन म्हणजे पोंतेकोर्वोसारखंच काहीतरी, किताबापुरतं, जिथे राहायला जावं लागत नाही, अशी तिची समजूत होती. जावं लागणार हे कळलं तेव्हा ती हादरली.

२२ डिसेंबर १८१० ला ती ऑस्करला घेऊन हेलसिंगबोर्गला उतरली, ६ जानेवारीला स्टॉकहोमला पोचली. तारखा पुन्हा वाचा. मार्सेयच्या उन्हात वाढलेली बाई ऐन थंडीत, दुपारीच अंधार पडणाऱ्या शहरात, गारठलेल्या राजवाड्यात येऊन पडली. दरबाराचे कडक रिवाज, आणि त्यावर शिरजोर म्हणजे बरोबर आणलेल्या फ्रेंच बायका. त्या दिवसभर नाकं मुरडत. स्टॉकहोमचं नाव काढलं तरी मला सर्दी होते, असं ती नंतर म्हणे, अशी आठवण सांगतात. म्हाताऱ्या कार्लनं बर्नाडोटला दत्तक घेतलं होतं; त्या कार्लची राणी शार्लोट रोजनिशी लिहायची. सुनेबद्दल सासूनं लिहावं तसं तिनं लिहिलं आहे: मनाची चांगली, दयाळू, पण लाडावलेली पोर, आणि नखशिखान्त फ्रेंच. सासूच्या मानानं हे बरंच मऊ म्हणायला हवं.

१८११ च्या उन्हाळ्यात प्रकृतीचं कारण सांगून ती 'गोटलंडची काउंटेस' या नावानं पॅरिसला निघून गेली. ऑस्कर स्वीडनमध्ये राहिला. तो तेव्हा बारा वर्षांचाही नव्हता.

ती किती दिवस माहेरी राहिली?

बारा वर्षं.

मराठी वाचकाला इथे 'माहेर' हाच शब्द सुचतो आणि तो चुकीचा नाही. मार्सेय केव्हाच मागे पडलं होतं, वडीलही राहिले नव्हते. माहेर म्हणजे ज्युली. आंजू रस्त्यावरच्या त्या वाड्यात देझिरे राहिली आणि त्या बारा वर्षांत युरोप उलटापालटा झाला. १८१२ च्या जानेवारीत नेपोलियननं स्वीडनच्या ताब्यातला पोमेरेनिया घेतला. ती परत जावी अशी त्याची इच्छा, ती हलायला तयार नाही. पुढच्या वर्षी तिचा नवरा लायप्झिगच्या लढाईत तिच्या एकेकाळच्या नियोजित नवऱ्याविरुद्ध उभा राहिला. १८१४ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या दोस्तांची सैन्यं पॅरिसात शिरली तेव्हा, जोझेफ तिथला राजा झाल्यानं नेपल्सची आणि स्पेनची राणी राहून चुकलेली ज्युली बहिणीच्याच आसऱ्याला आली. रेशीमवाल्याच्या दोन लेकी दोन मुलखांच्या राण्या झाल्या, हे आपण कौतुकानं सांगतो. त्या वसंतात एकीचं राज्य गेलं होतं, आणि दुसरीला आपलं राज्य नको होतं.

बोनापार्टांना फ्रान्समधून हाकलल्यावर ज्युलीलाही जावं लागलं. देझिरेला तिला बरोबर घेऊन स्वीडनला जायचं होतं. कार्ल योहाननं ते मानलं नाही. नव्यानं जमवलेल्या गादीशेजारी बोनापार्टाची बायको त्याला परवडणारी नव्हती. तिची बाजू तुम्हाला पटो न पटो, त्याचंही अगदीच चुकलं असं म्हणवत नाही.

५ फेब्रुवारी १८१८ ला म्हातारा राजा वारला आणि देझिरे राणी झाली. पॅरिसमध्ये, आपल्या घरात बसून.

रिशल्यूचं प्रकरण काय होतं?

ड्यूक द रिशल्यू हा फ्रान्सचा पंतप्रधान. त्याच्याशी तिची गाठ पडली आणि ती त्याच्या मागेच लागली. तो जिथे जाईल तिथे पाठोपाठ हिची गाडी. तो बिचारा तोंड लपवत फिरे, आणि खाजगीत तिला 'माझी वेडी राणी' म्हणे. पॅरिसभर चेष्टा झाली. मे १८२२ मध्ये तो वारला आणि प्रकरण संपलं. प्रेम होतं, एकटेपण होतं की निव्वळ हट्ट, कुणास ठाऊक. तिकडे स्टॉकहोमात राजाच्या आणि मारियाना कोस्कुल या मानकरी बाईच्या नावाची कुजबुज चालू होतीच, पण तिची चेष्टा कमी झाली. हे नेहमीचंच.

मग शेवटी सासरी गेली कशी?

सुनेला घेऊन. १८२२ मध्ये ऑस्कर वधूसंशोधनाला युरोपात आला. मायलेकांची भेट आखेन शहरात झाली, अकरा वर्षांनी. निरोप घेताना जे पोर होतं ते मिशा फुटलेला युवराज होऊन समोर आलं.

मुलगी ठरली लॉइख्टेनबेर्गची जोसेफिना. आता नीट ऐका: ही जोसेफिना म्हणजे सम्राज्ञी जोझेफीनच्या मुलाची मुलगी. जिच्यासाठी नेपोलियननं देझिरेला सोडलं, तिचीच नात देझिरेची सून झाली. नावही आजीचंच. कुणी कादंबरीत असं लिहिलं असतं तर संपादकानं ओढूनताणून आणलंय म्हणून कापलं असतं. १९ जून १८२३ ला स्टॉकहोमला लग्न लागलं. लग्नापुरतं राहून परत जायचं असा देझिरेचा बेत होता. जाणं झालं नाही.

राज्याभिषेकाचा आग्रह मात्र तिनंच धरला. २१ ऑगस्ट १८२९ ला, नवऱ्याच्या निवडीला बरोबर एकोणीस वर्षं झाली त्या दिवशी, स्टॉकहोमच्या स्तूरशिर्कान या मोठ्या चर्चमध्ये तिच्या डोक्यावर मुकुट चढला. सामान्य घरातली बाई स्वीडनची राणी होण्याची ही वेळ १५६८ च्या कारिन मोन्सदॉतरनंतरची पहिलीच.

तिनं धर्म बदलला का?

नाही. नवऱ्यानं स्वीडनमध्ये पाऊल टाकण्याआधी लुथरन पंथ स्वीकारला. ती शेवटपर्यंत कॅथलिक राहिली, सूनही.

स्वीडिश भाषा आली का?

जवळजवळ नाहीच. राजालाही येत नव्हती, पण तो कामात असे म्हणून फारसं कुणी बोललं नाही. तिच्या तोडक्यामोडक्या शब्दांचे किस्से झाले. सर्वांत गाजलेला 'क्रिंग क्रिंग', म्हणजे गोल गोल. तिची झोपायची वेळ पहाटेची आणि उठायची दुपारची. रात्री उशिरा गाडी जोडायला लावून ती राजवाड्याच्या चौकात फेऱ्या मारत बसे, त्या फेऱ्यांचं हे नाव. रस्त्यात पोरं दिसली की गाडी थांबवून खाऊ वाटे. दरबारी मंडळींना तिची ही तऱ्हा पाहून कपाळाला हात लावावा वाटे. पोरांची अर्थातच तक्रार नव्हती.

बर्नाडोटच्या दंडावर 'राजांना मृत्यू' असं गोंदलेलं होतं, खरं का?

भारी गोष्ट आहे, पुरावा नाही.

शेवटची वर्षं कशी गेली?

८ मार्च १८४४ ला कार्ल योहान गेला, ऑस्कर राजा झाला. तिनं आपली राजवाड्यातली दालनं सोडली नाहीत. पुढच्या वर्षी ज्युली फ्लॉरेन्सला वारली. तरी फ्रान्सची ओढ सुटेना. १८५३ मध्ये पंचाहत्तरीच्या या बाईनं पुन्हा पॅरिसला जायचं ठरवलं, सामान बांधलं, दक्षिणेकडच्या कार्ल्सक्रूना बंदरापर्यंत गेली. पण समुद्रप्रवासाची भीती काही केल्या जाईना. माघारी फिरली. बंदरावर उभी असलेली ती म्हातारी मला मुकुट घातलेल्या देझिरेपेक्षा जास्त आठवते.

जुलै १८५९ मध्ये मुलगाही गेला. तिनं नातू गादीवर बसलेला पाहिला. १७ डिसेंबर १८६० च्या रात्री ती नेहमीप्रमाणे उशिरा ऑपेराला निघाली आणि आपल्या सज्जात पोचली तेव्हा खेळ नुकताच संपला होता. त्याच रात्री ती वारली. वय त्र्याऐंशी.

तिच्यावरच्या प्रसिद्ध कादंबरीत तिची रोजनिशी आहे. ती अस्सल का?

नाही, ती लेखिकेची कल्पना. वाचायला हरकत नाही, पुरावा म्हणून दाखवू नका.

तिचे वंशज आज कुठे आहेत?

गाद्यांवर. स्वीडनमध्ये आजही बर्नाडोट घराणंच आहे. आताचे राजे कार्ल सोळावे गुस्ताफ हे ऑस्करपासून मोजले तर सहाव्या पिढीतले. लेकीसुनांच्या वाटेनं नॉर्वे, डेन्मार्क, बेल्जियम, लक्झेंबर्ग या घराण्यांतही तिचं रक्त आहे. मूल नाही म्हणून जोझेफीनला सोडणाऱ्या नेपोलियनच्या वंशाकडे मात्र आज एकही गादी नाही.

दोन गमती. १९ जून हा ऑस्कर-जोसेफिनाचा लग्नदिवस त्या घरानं जपला आहे: आताच्या राजांचं लग्न १९ जून १९७६ चं, युवराज्ञी व्हिक्टोरियांचं १९ जून २०१० चं. दोन्ही लग्नांत नवरीच्या डोक्यावर जोसेफिनाकडून आलेला कोरीव शंखशिल्पांचा मुकुट होता. आणि राणी सिल्विया? हायडेलबर्गमध्ये जन्मलेल्या, जर्मन व्यावसायिकाची लेक. व्यापाऱ्याची मुलगी, परमुलखातली राणी, दुसऱ्यांदा.

महाराष्ट्राशी काही संबंध?

देझिरेचा नाही. ओढून आणायचाही नाही. फक्त एवढंच, की डिसेंबर २०१९ च्या भारतभेटीत राजे कार्ल गुस्ताफ आणि राणी सिल्विया मुंबईत आले होते, आणि वर्सोव्याच्या किनाऱ्यावर त्यांनी स्वच्छता मोहिमेत भाग घेतला. डिसेंबरातलं ऊन आणि समुद्र. खापरपणजीला आवडलं असतं.

स्टॉकहोमला गेलो तर काय पाहावं?

जुन्या शहरालगतच्या रिद्दारहोल्मन बेटावरचं चर्च आधी पाहा. तिचं आणि कार्ल योहानचं दफन तिथे आहे. तिथून राजवाडा आणि स्तूरशिर्कान पायी गाठता येतात. राजवाड्याच्या चौकात क्षणभर थांबा, 'क्रिंग क्रिंग' तिथलंच. वेळ असेल तर शहराबाहेरचा रूसर्सबेरी वाडा, तिचं उन्हाळ्याचं घर. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर तीनच्या आत हे सगळं उरका, नंतर अंधार पडतो. आणि एक स्वेटर जास्तीचा घ्या. बाकी कशातही असेल, थंडीच्या बाबतीत तिची अतिशयोक्ती नव्हती.